गाणं नसलेली तबकडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. बोललं गेलं तसंच, थोडी काटछाट करून छापलं आहे.)



समितीने पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘डीजे’ असं छापलं आहे. ते वाचून निम्म्या लोकांनी कानात घालायला कापूस आणला असेल. तो खिशातच राहू द्या. संध्याकाळच्या कार्यक्रमाला डीजे असावा की नसावा यावरून समितीत काय झालं ते माझ्या कानावर आलं आहे, आणि नको म्हणणाऱ्या बाईंचं म्हणणं मला पटतं. शाळेच्या आवारात स्पीकरची भिंत उभी करायची नसतेच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्याकडच्या मिरवणुकीत ५५ डेसिबल म्हणजे जनरेटर सुरू होण्याआधीची शांतता! आज मी आणलेला स्पीकर प्रार्थनेच्या वेळी लावतात तेवढाच आहे.

पण एक प्रश्न विचारतो. पालघर, बोईसर, चिंचणी, मनोर, कुठल्याही नाक्यावर विचारा, डीजे म्हणजे काय? उत्तर येतं, टेम्पोवरचे बास. हा शब्द मुळात माणसासाठी होता, डिस्क जॉकी, तबकडी हाताळणारा. आपल्याकडे त्यातला माणूस गळून पडला आणि पेट्या राहिल्या. मला आज त्या माणसाबद्दल आणि त्याच्या हाताबद्दल बोलायचं आहे. मी दिवसा तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो आणि संध्याकाळी लोकांची साउंडची उपकरणं जोडून देतो, दुरुस्त करतो. त्यामुळे बोलणं थोडं वायरींचं होईल.

आपल्या आईवडिलांच्या लग्नात डीजे नव्हता, लाऊडस्पीकरवाला होता. झाडाला कर्णा बांधलेला, खाली अहुजाचा अॅम्प्लिफायर, आणि शेजारी रेकॉर्ड प्लेअर. ज्यांच्या घरी थोडी ऐपत होती त्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा असायचा, पेटीसारखा, बॅटरीवरही चालणारा. रेकॉर्डी दमदमच्या कारखान्यातून यायच्या. लाऊडस्पीकरवाल्याला मान होता, कारण वराती कुठे पोचली आहे, जेवणाची पंगत बसली की नाही, हे बघून तो रेकॉर्ड निवडायचा. मग १९८० च्या दशकात कॅसेट आली, नंतर सीडी, नंतर पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह लावला की हाताला काम उरत नाही. बटण दाबलं की झालं.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात मुलांनी रेकॉर्ड प्लेअरचं वेगळंच काहीतरी केलं. दोन प्लेअर, मध्ये मिक्सर. एकावर गाण्यातला ढोलाचा तुकडा वाजतोय, तो संपायच्या आत दुसऱ्यावर तोच तुकडा सुरू करायचा. रेकॉर्ड हाताने मागे ओढायची, पुढे सोडायची. त्यातून तो ‘खिच-खिच’ आवाज निघाला, त्याला स्क्रॅच म्हणतात. यासाठी दणकट प्लेअर लागायचा. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स नावाने १९७२ साली एसएल-१२०० काढला. त्यात पट्टा नाही, मोटर थेट थाळीलाच. पट्ट्याचा प्लेअर हाताने अडवला तर पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. याची थाळी खाली फिरत राहते, मध्ये फेल्टचा घसरता गोल कपडा असतो, आणि वर तुम्ही रेकॉर्ड धरून ठेवू शकता. सोडली की क्षणात वेग. १९७९ मध्ये त्याचं दुसरं रूप आलं आणि तेच जगभर डीजेंचं वाद्य झालं. २०१० मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं, २०१६ पासून पुन्हा सुरू केलं. बंद करून परत काढावं लागलं, यावरून काय ते समजा.

अडचण एकच होती. जे हाताखाली घ्यायचं त्याची रेकॉर्ड असावी लागायची. आणि कंपनी रेकॉर्ड काढायची ती खपेल त्याची. शिवाय रेकॉर्डींचे खोके उचलून माणसाची कंबर जायची. यावरचा तोडगा निघाला अॅमस्टरडॅममध्ये. एन२आयटी नावाच्या छोट्या कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला फायनल स्क्रॅच नावाची पद्धत बाजारात आणली. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने रेन या अमेरिकन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह काढलं, आणि मग ते सर्वत्र पसरलं.

आता ही तबकडी बघा. दिसायला साधी एलपी. हिच्यावर एकही गाणं नाही. नुसती वाजवली तर एक सपाट शिट्टी ऐकू येते, टेलिफोनच्या डायल टोनपेक्षा जरा उंच आणि बारीक खरखरीत. ऐकवतो... बस, एवढंच. दोन्ही बाजूंना हेच आहे.

बोईसरमध्ये अशी गल्ली नसेल जिथे एन्कोडर बघितलेला माणूस नाही. नसेल बघितला त्यांच्यासाठी सांगतो. मोटर किती फिरली हे कंट्रोलरला कळावं म्हणून शाफ्टच्या टोकाला एक डबी लावतात. शाफ्ट फिरला की तिच्यातून ठोके निघतात. ठोके किती वेगाने येतात त्यावरून गती कळते. पण सरळ फिरतोय की उलटा, हे कसं कळणार? म्हणून ठोक्यांच्या दोन वायरी असतात, ए आणि बी. दोन्हींवर तेच ठोके, फक्त एक वायर दुसरीच्या पाव पाऊल पुढे. ए पुढे असेल तर सरळ, बी पुढे आली तर उलटा.

ही तबकडी म्हणजे तोच एन्कोडर, रेकॉर्डच्या खाचेत कोरलेला. स्टिरिओ रेकॉर्डला डावा आणि उजवा असे दोन मार्ग असतात. दोन्हींवर १ किलोहर्ट्झची शिट्टी आहे, सेकंदाला १००० लाटा, आणि एक मार्ग दुसऱ्याच्या पाव लाट पुढे आहे. दहावीतल्या मुलांनी हिशेब करायचा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सेकंदाला १००० लाटा, तर एका फेऱ्यात १८००. आमच्या कारखान्यांत १०२४ ठोक्यांचा एन्कोडर सर्रास चालतो. म्हणजे ही गाणं नसलेली तबकडी त्यापेक्षा बारीक मोजते. हात थोडा पुढे सरकला की शिट्टी उंच होते, थांबला की बंद, मागे गेला की डावं-उजवं उलटं. संगणक हे सगळं मोजतो आणि त्याच्या पोटातलं गाणं त्याच वेगाने, त्याच दिशेने सरकवतो.

यात आणखी एक युक्ती आहे. काही लाटा किंचित ठेंगण्या कोरलेल्या असतात. ठेंगणी म्हणजे शून्य, उंच म्हणजे एक. त्या ओळीने वाचत गेलं की सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे, कितव्या मिनिटावर, ते कळतं. म्हणून सुई उचलून पुढे टेकवली की गाणंही तिथे जातं, अगदी खऱ्या रेकॉर्डसारखं. यालाच टाइमकोड म्हणतात. हे नको असेल तर फक्त गती आणि दिशा वाचायचीही सोय आहे, मग सुई उडाली तरी गाणं जागचं हलत नाही. मी शिकणाऱ्यांना आधी पहिल्या पद्धतीवर बसवतो. सुई कुठे टेकवतोय याची जबाबदारी हातावर असावी.

आता जोडणी. बिघडण्यासारखं सगळं इथेच असतं. लोक म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे, आणि दहातल्या नऊ वेळा वायर असते.

प्लेअरमधून दोन वायरी निघतात, लाल आणि पांढरी. त्यांच्याबरोबर एक बारीक तार असते, टोकाला चिमट्यासारखी चकती. ती लोक कापून टाकतात किंवा गुंडाळून ठेवतात. ती अर्थिंगची तार आहे, मिक्सर किंवा साउंड कार्डच्या मागे तिच्यासाठी स्क्रू असतो, तिथे घट्ट बसवायची. नाही बसवली तर ५० हर्ट्झचा ‘घूंऽऽ’ सुरू होतो आणि त्या घुमण्यात संगणकाला शिट्टी नीट ऐकू येत नाही. गाणं थरथरतं, लोक तबकडी पुसत बसतात.

सुईतून निघणारा विद्युतदाब फार लहान असतो, काही मिलिव्होल्ट. त्याला शंभरेक पटीने मोठं करावं लागतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर वाढवून कोरतात, नाहीतर खर्जाच्या लाटा इतक्या रुंद होतील की शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो लिहिलेल्या खोबणीत होतात. लाइन लिहिलेल्या खोबणीत होत नाहीत. काही नव्या प्लेअरच्या आतच फोनोचं सर्किट असतं आणि मागे एक छोटं बटण असतं. प्लेअरवर लाइन असेल तर कार्डवरही लाइन, प्लेअरवर फोनो असेल तर कार्डवरही फोनो. प्लेअरने मोठा करून दिलेला आवाज कार्डाच्या फोनोत घातला की तो दुसऱ्यांदा मोठा होतो आणि लाटांची डोकी कापली जातात. मग ठेंगणी कोणती आणि उंच कोणती ते कळणार कसं?

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात हे घालू नका. तिथे बऱ्याचदा एकच मार्ग असतो, आणि आपल्याला दोन प्लेअरचे चार लागतात. चार आत, चार बाहेर असं साउंड कार्ड हवं. ते थेट लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचं, मध्ये हब नको. विंडोज असेल तर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घालायचा. मग बफर. संगणक आवाज घोटाघोटाने घेतो. एक घोट ५१२ नमुन्यांचा असेल आणि सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर भागाकार करा, साधारण ११.६ मिलिसेकंद. तेवढा उशीर आत येताना आणि तेवढाच बाहेर जाताना. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण स्क्रॅच करणाऱ्याच्या हाताला रेकॉर्ड चिखलात असल्यासारखी लागते. १२८ वर आणला तर ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. लॅपटॉप दमला आणि आवाज तुटायला लागला तर एक पायरी वर जायचं, वायफाय बंद करायचं, चार्जर लावून ठेवायचा.

सगळं बरोबर आहे की नाही हे बघायला सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चौकट असते. आयटीआयला गेलेल्यांनी सीआरओवर लिसाजू आकृत्या बघितल्या असतील. एक मार्ग आडवा, दुसरा उभा लावला आणि दोघांत पाव लाटेचं अंतर असलं की वर्तुळ उमटतं. इथेही तेच. हिरवं गोल वर्तुळ आलं की जोडणी उत्तम. नुसती रेघ आली तर एक मार्ग मेलाय, बहुधा सुईच्या टोपणाचे चार बारीक पिन. आपल्याकडे समुद्राची हवा आहे. सातपाटी, चिंचणी, नवापूरकडचा माणूस असेल तर मी आधी ते पिनच पुसतो. वर्तुळ अंडाकृती झालं तर सुईला कचरा लागलाय. गाणं उलटं वाजत असेल तर लाल-पांढरी अदलाबदल झाली आहे. एक चित्र बघून चार रोग ओळखता येतात, म्हणून ही चौकट मला फार आवडते.

लिनक्सवर एक्सवॅक्स आणि कुठल्याही संगणकावर मिक्स्स ही दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि दोन्हींना टाइमकोड वाचता येतो. फुकट म्हणून कमी लेखू नका, इथे मांडलेल्या टेबलावर तेच चालू आहे.

आता मी हे सगळं सांगतोय कशासाठी? गेल्या हिवाळ्यात जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर मी तारपा ध्वनिमुद्रित केला. वाजवणाऱ्या बाबांना आधी विचारून, त्यांची बिदागी देऊन. तारपा तुम्हाला नवा नाही. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही, नाकाने घेतो आणि गालाने सोडतो, त्यामुळे सूर अखंड चालतो. तो मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती, आणि पुढच्याच्या हातात घुंगुरकाठी. ती फाइल मी या तबकडीखाली घातली.

पहिली गोष्ट कळली ती अशी. हल्लीच्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये सिंक नावाचं बटण असतं, दोन गाण्यांचे ठेके ते आपोआप जुळवतं. तारप्यावर ते चालेना. कारण ते बटण धरून चालतं की गाण्याचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे. तारप्यात नाचणारे वेग घेतात, तसा वाजवणारा घेतो, कधी तोच त्यांना ओढतो. रेघा मारून ठेवलेला ठेका अर्ध्या मिनिटात सुटतो. सूर अखंड असल्यामुळे कुठे पकडावं तेही कळत नाही, पकड मिळते ती घुंगुरकाठीच्या आपटण्यावर. तिथे हातच लागतो. एक बोट तबकडीच्या कडेवर, किंचित दाबलं की मंद, किंचित ढकललं की जलद, आणि कान दुसऱ्या बाजूच्या ढोलकीवर. लाऊडस्पीकरवाला पंगत बघायचा, तसं.

नंतर बाबांना ते ऐकवलं. पुढे जाताना ऐकून ते हसले. मागे ओढलं तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, मागे जाताना श्वास कोण घेतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

वारली लग्नात धवलेरी जे गाते, कोळीवाड्यात म्हाताऱ्या बायका हळदीला जे म्हणतात, त्याच्या रेकॉर्डींचं दुकान कधी पालघर स्टेशनबाहेर नव्हतं. या तबकडीला ते चालतं. तिच्यावर काहीच नसल्यामुळे तिच्याखाली काहीही घालता येतं. पण म्हणून कुणाचाही आवाज उचलायचा नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराचाही हक्क आला. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या अंगणात बसून मुद्रण केलं त्याला सांगून, पैसे देऊन वाजवावं. नुकतंच माझ्या कानावर आलं की एका मिरवणुकीत धवलेरीचं गाणं बासवर कापून वाजवलं आणि लोक हसले. ते मला आवडलं नाही. पाड्यावरच्या लोकांना काय वाटलं असेल ते त्यांना जाऊन विचारावं.

आता मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी. तुमच्यातले तिघेजण सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, काका, कोणती मशीन घेऊ? स्पष्ट सांगतो. लग्न, गणपती, नवरात्र यांच्या सुपाऱ्यांसाठी टर्नटेबल घेऊ नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. टेम्पोवर बासच्या शेजारी प्लेअर ठेवला की थाळी थरथरते, सुई तो थर उचलते, तो पुन्हा बासमध्ये जातो आणि घुमत राहतो. खड्ड्यात सुई उडते ती वेगळीच. त्या कामाला साधा कंट्रोलर पुरतो. सुई झिजते, तबकडीही झिजते, दोन्ही पुन्हा विकत घ्यावी लागतात. टर्नटेबल त्याने घ्यावं ज्याला हात शिकायचा आहे, तबलजीसारखा रोज तासभर बसून. घेतलंच तर जुनं, थेट मोटरचं, आणि विकत घेण्याआधी थाळी रिकामी फिरवून बघायची. प्लेअरच्या कडेवरचे ठिपके लाल दिव्याच्या उजेडात स्थिर दिसले पाहिजेत. सरकत असतील तर वेग चुकतोय.

आणि घरात ज्यांच्याकडे जुन्या रेकॉर्डी आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा. याच जोडणीने एलपी संगणकात उतरवता येते, सॉफ्टवेअरला टाइमकोड वाचू नको, नुसतं मुद्रण कर म्हणायचं. पण डीजेची सुई जड ठेवतात, तीन-चार ग्रॅमवर. घरच्या एलपीला वेगळी, हलकी सुई लावा. आणि ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना यातली कुठलीच चालत नाही, त्यांची खाच रुंद असते, त्यासाठी जाड टोकाची सुई वेगळी मिळते. पावसाळ्यात बुरशी आली असेल तर लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. सर, तुमच्याकडच्या नाट्यगीतांच्या तबकड्या अजून असतील तर मला बोलवा, मी सुई घेऊन येतो.

टेबल तिकडे खिडकीशी मांडलं आहे. डाव्या थाळीखाली तारपा आहे, उजवीखाली ढोलकी. दोघा-दोघांनी या, हात धुऊन. तबकडी कडेने धरायची, खाचांवर बोट नको. बाई, पहिला हात तुमचा.